रोजचा एक फोटो

गेल्या वर्षीच्या १ जुलैपासून यंदाच्या ३० जूनपर्यंत मी रोज घरात एक फोटो काढायचा असं ठरवलं होतं. घरात म्हणजे घरातच. गच्ची, जिना आणि पुढचं चिमूटभर अंगण चालेल, फाटकाबाहेर नाही. नियम माझे मीच केले होते. दिवसाला एकच फोटो ठेवायचा. कुणालाही ‘इकडे बघ’, ‘हस’ असं म्हणायचं नाही. इन्स्टाग्रामवर किंवा आणखी कुठेही टाकायचा नाही. आणि प्रत्येक फोटोसाठी वहीत एक ओळ लिहायची, तीही मराठीत.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड निघाला. आपल्या मंडळातल्या पुष्कळ जणांसारखी माझी मराठी घरात शिकलेली आहे. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, मराठी फक्त कानावर. बोलायला अडत नाही, पण लिहायला बसलं की हिंदी आडवी येते. मी ‘परिस्थिति’ लिहिते, आजोबा त्याची ‘परिस्थिती’ करतात. मी ‘शक्ति’ लिहिते, ते वेलांटी उलटी फिरवतात. “मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ असते बाळ, किती वेळा सांगू?” असं म्हणत लाल पेनाने वहीत दुरुस्ती करायची, हा त्यांचा जेवणानंतरचा कार्यक्रम होऊन बसला.

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. आजी, आजोबा, आई, बाबा, मी आणि दहावीतला माझा भाऊ. आजोबा एकोणऐंशी वर्षांचे. कापड गिरणीच्या हिशेब खात्यात त्यांनी नोकरी केली, गिरणी बंद पडल्यावर दोन दुकानांच्या वह्या लिहिल्या, आणि आता घराचा हिशेब लिहितात. दूध, भाजी, रिक्षा, इस्त्री. रोज रात्री डायरीत नोंद आणि रविवारी आठवड्याची बेरीज. एक रुपया जुळला नाही तर घरात कुणाला झोप नाही.

पहिले तीन आठवडे फोटो असे आले की ते कुणाला दाखवायची लाज वाटावी. मी फोन उचलला की आजी म्हणायची, “थांब, पदर नीट करते.” बाबा पोट आत घ्यायचे. भाऊ दोन बोटं वर करायचा. आई तर वैतागायची: “कढईचा काय फोटो काढून राहिली? लोक म्हणतील, घासत नाहीत वाटतं.” मी काही न बोलता काढत राहिले. जुलैच्या शेवटी केव्हातरी सगळे कंटाळले. माझ्या हातात फोन असणं त्यांच्या लेखी भिंतीवरच्या घड्याळाइतकं झालं. खरे फोटो तिथून पुढे मिळायला लागले.

आमच्याकडे फोटोंचे जुने तीन अल्बम आहेत, काळ्या पानांचे, मध्ये पातळ जाळीदार कागद असलेले. त्यांत लग्नं आहेत, मुंजी आहेत, बारशी आहेत, एक सत्यनारायण आहे. स्टुडिओत खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या आत्या आहेत. पण गिरणीच्या चाळीतलं घर, जिथे आजीचा पंधरा-सोळा वर्षांचा संसार झाला, त्या घराच्या स्वयंपाकघराचा एकही फोटो नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, “रोल महाग होता गं. छत्तीस फोटो. त्यात चूल कोण काढणार?” बरोबरच आहे. मला ती चूल बघायची होती, एवढंच.

आपल्या इंदूरचं फोटोग्राफीशी नातं तसं फार जुनं. राजा दीनदयाळ, जे पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, ते १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले होते. फोटो काढायला ते १८७४ च्या सुमारास शिकले. त्या काळी काचेवर फोटो उमटायचा आणि समोरच्या माणसाला न हलता बसावं लागायचं. त्यांच्या फोटोंतले राजेरजवाडे, किल्ले, महाल बघताना माझं लक्ष हल्ली कडेला जातं. कडेला घोडा धरून एखादा नोकर उभा असतो. त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजलं होतं, हे कोणत्याही काचेवर नाही.

माझ्याकडे मात्र रोज काय शिजलं त्याची साक्ष आहे. पोह्यांचे फोटो इतके आहेत की भावाने त्यांचं वेगळं फोल्डर केलं. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की ओला डबा आणि सुका डबा घेऊन धावणारे बाबा, एका पायात माझी चप्पल आणि एका पायात आईची. भिंतीला टेकून उभ्याउभ्या चहा पिणारी आई. ती बसून चहा पिताना वर्षभरात मला फार थोड्या वेळा सापडली, आणि त्यातल्या एकदा तिला ताप होता. परीक्षेच्या दिवसांत रात्री पावणेबारा वाजता आठवायचं की आजचा राहिलाय. मग पंख्याचा फोटो, नाहीतर झोपलेल्या भावाच्या तळपायाचा. अशा तळपायांचेच नऊ फोटो आहेत.

उन्हाचंही कळायला लागलं. बाहेरच्या खोलीची मोठी खिडकी दक्षिणेला आहे. जूनमध्ये ऊन खिडकीच्या कठड्यावरच थांबतं, आत येत नाही. दिवाळीनंतर ते रोज थोडं थोडं आत सरकतं आणि डिसेंबरात थेट आजोबांच्या खुर्चीपर्यंत पोचतं. या घरात मी वीस वर्षं राहते आहे. ऊन खुर्चीपर्यंत येतं हे माहीत होतं, पण ते चालत येतं हे फोटो एकापुढे एक ठेवल्यावर दिसलं.

आता मुद्द्याचं सांगते.

दर रविवारी मी आजोबांच्या हिशेबाच्या पानाचा फोटो काढत असे. कारण आळशीपणाचं होतं. रविवारी मला उशिरा जाग येते, आणि ते पान नेहमी टेबलावर तयार असायचं. खिडकीजवळ, वरून सरळ, पान फोटोत पूर्ण मावेल असं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भावाने शाळेच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी माझे फोटो लॅपटॉपवर घेतले. त्याला त्यांची फिल्म करायची होती. सगळे रविवार वेगळे काढून तो भराभर पुढे सरकवत होता, आणि मध्येच थांबला.

“ताई, बघ ना. आजोबांचं अक्षर झूम आउट होऊन राहिलंय.”

मी हसले. म्हटलं, तू फोटो वेगवेगळ्या मापाचे घेतले असशील. त्याने पानाच्या कडा जुळवून दाखवल्या. डायरी तीच, पान तेवढंच. जुलैत चौदा नोंदी पान भरून होत्या. डिसेंबरात तेवढ्याच नोंदी पाऊण पानात बसल्या होत्या. ओळीच्या सुरुवातीचं ‘दूध’ ठीक होतं, पण ओळ उजवीकडे जाईल तशी अक्षरं बारीक होत गेली होती, आणि शेवटचा आकडा मुंगीएवढा. खाली ‘एकूण’ हा शब्द तर वाचताच येत नव्हता. एका रविवारहून दुसऱ्या रविवारी काहीच फरक नाही. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवला तर दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं.

आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. मग इतर फोटो काढले. गणपतीच्या आरतीत सगळ्यांचे चेहरे फुललेले, आजोबांचा कोरा. माझा नियमच होता की कुणाला हसायला सांगायचं नाही, त्यामुळे ते न हसणं कुणालाच वेगळं वाटलं नव्हतं. ऑक्टोबरपासून चहाचा कप उजव्या हातातून डाव्या हातात गेलेला. अंगणात फेऱ्या मारताना उजवा हात कोपरात वाकलेला, अंगाला चिकटलेला. घरात आम्ही सगळे म्हणत होतो की खांदा आखडलाय. आजी रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळत होती. वय झालं, असं सगळ्यांचं मत होतं, आणि सगळ्यांत जास्त आजोबांचं.

बाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी फोन माझ्याकडे परत दिला, मग पुन्हा मागून घेतला. पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे नंबर लागला.

डॉक्टरांनी सगळे रविवार शांतपणे पाहिले. फोटोंवरून निदान होत नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण ‘कधीपासून?’ या प्रश्नाला घरची माणसं नेहमी ‘असंच, काही महिने’ म्हणतात, इथे निदान तारखा आहेत, असं म्हणाले. मग आजोबांना एका कागदावर काहीही लिहायला सांगितलं. आजोबांनी लिहिलं, ‘दूध दोन लिटर’. डॉक्टर महाराष्ट्रीय नव्हते, त्यांना वाटलं काही सुविचार असेल. मग गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला लावली, अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला लावली, खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, मनगट धरून हात हलवून पाहिला. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. सुरुवातीचा टप्पा. अक्षर आकसत जाण्याला डॉक्टरी भाषेत मायक्रोग्राफिया म्हणतात.

घरी आल्यावर मी वाचत बसले. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्यावर १८१७ मध्ये निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांची हकीकत आहे. त्यातले काही त्यांचे स्वतःचे रुग्णसुद्धा नव्हते, रस्त्यात दिसलेली माणसं होती. चालणं पाहून, वाकणं पाहून त्यांनी ताडलं. दोनशे वर्षांनंतरही हा आजार मुख्यतः माणसाकडे नीट बघूनच ओळखतात, हे वाचून मला जरा धीर आला. का आला, ते सांगता येणार नाही.

गोळ्या सुरू झाल्या. त्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायच्या, कारण पोटात डाळ-दुधासारखं प्रथिनांचं काही असलं की औषध नीट लागत नाही. त्यामुळे सकाळचं दूध पुढे गेलं, आजीचं वेळापत्रक कोलमडलं, घड्याळाखाली गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आली. तिचाही फोटो आहे.

अडचण वेगळीच उभी राहिली. जानेवारीतली एक सकाळ. ऊन खुर्चीपर्यंत आलेलं. आजोबा बशीतून चहा पीत होते, उजव्या हाताने, हट्टाने. बशी थरथरत होती आणि चहाचे दोन-तीन थेंब उन्हात धोतरावर पडताना मी टिपले. वर्षभरातला माझा सगळ्यात चांगला फोटो तो. त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “हा नको ठेवू.”

घरात दोन दिवस यावर चर्चा चालली. आई म्हणाली, “आता पुरे. घरात आजारी माणूस आहे, फोटो कसले काढता?” बाबांचं म्हणणं उलट होतं. डॉक्टरांनी पुढच्या वेळी बोलावलं तर दाखवायला उपयोगी पडतील, व्हिडिओसुद्धा काढ. भाऊ म्हणाला की फोटो ताईने काढलाय तर तो ताईचा. आजी भाजी निवडत होती, ती एवढंच म्हणाली, “ज्याचा हात, त्याला विचारा.”

मला न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंग्स्टन यांची माहिती होती. खरं तर त्यांच्यामुळेच हे खूळ डोक्यात शिरलं होतं. त्यांनी ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला. दिवसाला एक, अठरा वर्षांहून जास्त. पुढे कॅन्सर झाला तरी थांबले नाहीत, शेवटच्या फोटोंत इस्पितळ आहे, ते स्वतः आहेत. २५ ऑक्टोबर १९९७ ला, त्यांच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, ते गेले. सहा हजारांहून जास्त फोटो मागे राहिले. मी हे सगळं आजोबांना सांगितलं. मनात आशा होती की ते म्हणतील, बरं, ठेव.

आजोबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग हिशेब तपासल्यासारखा प्रश्न विचारला: “कॅमेरा कुणाच्या हातात होता?”

“त्यांच्याच.”

“मग झालं तर. त्याने स्वतःचा आजार स्वतः मांडला. माझा तू का मांडतेस?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. जो फोटो काढतो त्याला वाटतं की आपण प्रेमानेच काढतोय, आणि ते खरंही असतं. पण ज्याचा हात थरथरतो त्याला त्या प्रेमाशी काय करायचं? घरातल्या माणसांना आपण परवानगी विचारत नाही, कारण ती आपली असतात. माझ्या मते तर ती आपली असतात म्हणूनच जास्त विचारलं पाहिजे. परका माणूस तोंड फिरवून निघून जाऊ शकतो, आजोबा कुठे जातील? त्यांना याच खुर्चीत बसायचंय.

तो फोटो मी त्यांच्यासमोर काढून टाकला. आणखी दोन त्यांनी सांगितले, तेही. एक जिन्यावरचा, ज्यात बाबांनी त्यांना दंडाला धरलं आहे. दुसरा शर्टाची बटणं लावतानाचा. आमच्यात करार झाला. त्यांचे हात नकोत. चालणं नको. रविवारचं पान चालेल, “कारण तो हिशेब आहे, मी नाही.” आणि घराण्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काहीही जाणार नाही. पुण्याच्या एका नातेवाइकांनी ‘आजोबांचा लेटेस्ट फोटो पाठव’ म्हणून तीनदा मेसेज केला. मी तिन्ही वेळा पोह्यांचा पाठवला.

तर माझ्याकडे वर्षाचे ३६२ फोटो आहेत. जानेवारी आणि फेब्रुवारीतले तीन दिवस रिकामे. मित्रमैत्रिणी म्हणतात की त्या जागी दुसरा कुठलाही टाक, कोण बघतंय. मला ते पटत नाही. त्या तीन दिवसांच्या ओळी मात्र वहीत आहेत. त्या आजोबांनी वाचल्या, तपासल्या. पहिल्या ओळीत मी ‘आजोबांनी चहा पिला’ लिहिलं होतं. त्यांनी ‘पिला’ खोडून ‘प्यायला’ केलं. बाकीचं तसंच राहू दिलं.

मार्चमध्ये घरी एक ताई यायला लागल्या, हातापायांचे व्यायाम शिकवायला. त्यांनी सांगितलं की बँकेच्या डायरीच्या बारीक ओळींवर लिहू नका, रुंद रेघांच्या वहीत लिहा, आणि अक्षर वरच्या रेघेला टेकवायचंच असं मनाशी धरा. भावाची बालवाडीतली दुरेघी वही माळ्यावर निघाली. पहिल्या पानावर त्याने गिरवलेला ‘ग’ होता, उलटा. पुढच्या पानापासून आजोबांचा हिशेब सुरू. आकडे एवढे मोठे झाले की आठवड्याला तीन पानं लागायला लागली. आजोबांना ते पहिल्या दिवशी आवडलं नाही. “पोरखेळ” म्हणाले. पण बेरीज आता आजीलाही चष्म्याशिवाय वाचता येते, आणि ती रोज एक तरी चूक काढते, त्यामुळे त्यांना लक्ष देऊन लिहावं लागतं.

अक्षर पूर्वीसारखं झालं का? नाही. औषधाचा अंमल असतो तेव्हा बरं असतं, उतरतो तेव्हा पुन्हा बारीक. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. मी ते पान काढते, तारीख टाकते. मोजत नाही.

रंगपंचमीला शहरात गेर निघाली होती आणि भाऊ दुपारी जांभळा होऊन परतला. त्या दिवसाचा फोटो आजोबांनी काढला आहे. मी भावाच्या डोक्यावर बादली ओतत होते, फोन त्यांच्या मांडीवर होता, आणि त्यांनी दाबलं. सगळं हललेलं. जांभळा फराटा, पाण्याचा फराटा, आणि कोपऱ्यात आजीचा अर्धा चेहरा, तोंड उघडं. हा ठेवायचा का, असं मी विचारलं. “माझा आहे ना? ठेव.”

३० जूनला वर्ष संपलं तेव्हा मी थांबणार होते. यंदा शेवटचं वर्ष आहे, प्रोजेक्ट आहे, पुढच्या प्रवेशाची धावपळ आहे. रोजचे फोटो थांबलेही. रविवारचं पान तेवढं चालू आहे, कारण बेरीज झाली की आजोबा पेनाचं टोपण हातात धरून थांबतात आणि विचारतात, “झाला का? मग लावतो टोपण.”

गेल्या रविवारी टोपण लागायला साडेअकरा वाजले. दहा रुपये जुळत नव्हते. त्यांनी तिन्ही पानं पुन्हा बेरीज केली, बाबांना विचारलं, इस्त्रीवाल्याला फोन लावायला सांगितला. शेवटी आजीला आठवलं की बुधवारी कोथिंबिरीची जुडी घेतली होती. त्यांनी दोन रेघांच्या मध्ये जागा शोधून ‘कोथिंबीर १०’ लिहिलं, थ वर थोडा वेळ अडखळले, आणि मान वर न करता म्हणाले, “घे आता.”